उघड्या वहीतली सुरक्षा : शाळेच्या व घरच्या संगणकासाठी ओपन सोर्स साधने



आजचा पाठ आधी आपल्यासाठी आहे, मग मुलांसाठी. विषय आहे संगणक आणि नेटवर्क यांच्या सुरक्षेसाठी वापरली जाणारी ओपन सोर्स साधने. नाव ऐकून घाबरू नका. अवघड शब्द आला की त्याचा अर्थ तिथल्या तिथे सांगितला आहे.

सुरुवातीला एक काम करा. शाळेच्या ऑफिसातल्या संगणकात काय काय साठवलेलं आहे, त्याची यादी करा. मुलांची नावं, आईचं नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, शिष्यवृत्तीसाठी घेतलेले बँक खाते क्रमांक, पालकांचे मोबाईल नंबर, दिव्यांग मुलांची प्रमाणपत्रं, फोटो. हीच माहिती ज्या जनरल रजिस्टरमध्ये असते ते आपण कपाटात कुलूप लावून ठेवतो. संगणकातली मात्र डेस्कटॉपवर उघडी पडलेली असते. शिवाय तीच माहिती घेऊन एक पेनड्राइव्ह केंद्रशाळा, झेरॉक्सचं दुकान आणि घर असा फिरत असतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानलं आहे. म्हणजे आपल्या संगणकातली जवळजवळ सगळी माहिती बालकांची आहे. ती आपल्याकडे ठेव म्हणून आहे, हे लक्षात ठेवून पुढचा पाठ वाचा.

या माहितीच्या रक्षणासाठी पुष्कळ ठिकाणी काय केलं जातं? पैसे नाहीत म्हणून कुणाकडून तरी 'क्रॅक' केलेला अँटिव्हायरस आणून टाकला जातो. हे म्हणजे चोराकडूनच कुलूप विकत घेण्यासारखं झालं. क्रॅक करणाऱ्याने त्यात आणखी काय घातलं आहे ते आपल्याला कळत नाही. आणि याची गरजही नाही. कायदेशीर, मोफत आणि जगभर वापरली जाणारी साधनं उपलब्ध आहेत.

ओपन सोर्स म्हणजे काय?

कोणताही प्रोग्राम माणूस आधी वाचता येईल अशा भाषेत लिहितो. त्याला सोर्स कोड म्हणतात. नंतर तो संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलला जातो. बाजारातून तयार मसाल्याचं पाकीट आणलं तर चव कळते, पण प्रमाण कळत नाही. आईच्या वहीत मात्र धणे किती, जिरे किती सगळं लिहिलेलं असतं. वाचा, करून बघा, तिखट कमी करा, शेजारणीला द्या. ओपन सोर्स म्हणजे ही वही सर्वांसाठी उघडी ठेवणं, तीही लेखी परवानगीसह.

आपल्या भाषेत 'मोफत' आणि 'मुक्त' हे दोन वेगळे शब्द आहेत, हे आपलं नशीब. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द असल्याने तिकडे फार गोंधळ होतो. मोफत म्हणजे पैसे लागत नाहीत. मुक्त म्हणजे वाचायची, बदलायची आणि वाटायची मोकळीक आहे. मोबाईलमधली बरीच अ‍ॅप्स मोफत असतात पण मुक्त नसतात. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लोकांसमोर ठेवलं. 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ मध्ये रूढ झालं.

सगळ्यांना रचना माहीत, मग सुरक्षित कसं?

हा प्रश्न पालक हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. याचं उत्तर एका भाषाशिक्षकाने १८८३ मध्येच देऊन ठेवलं आहे. ऑगस्ट केरकॉफ्स हे मूळचे नेदरलँड्सचे, फ्रान्समध्ये भाषा शिकवायचे. सैन्याच्या गुप्त लिपीवर त्यांनी एक लेख लिहिला. त्यातला मुद्दा असा, की लिपीची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली.

विचार करा, बाजारातल्या कुलपाची रचना प्रत्येक कुलूपवाल्याला ठाऊक असते. तरी आपण निश्चिंत झोपतो, कारण आपल्या कुलपाची किल्ली आपल्याकडे असते. रचना लपवली म्हणूनच जे टिकतं, ते रचना फुटली की संपतं. आज फायली कुलूपबंद करायला सगळ्यात जास्त वापरली जाणारी एईएस ही पद्धत तर उघड स्पर्धेतून निवडली आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने १९९७ मध्ये जगाला आवाहन केलं, जगभरच्या तज्ज्ञांनी आलेल्या पद्धती फोडायचा प्रयत्न केला आणि शेवटी दोन बेल्जियन संशोधकांची पद्धत मान्य झाली. तिची रचना कोणीही वाचू शकतो. पण तिच्या सर्वांत मोठ्या किल्लीचे पर्याय किती, तो आकडा लिहायला ७८ अंक लागतात!

कोणत्या कामाला कोणतं साधन?

साधनांची नावं पाठ करण्यापेक्षा प्रत्येक साधन कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतं ते लक्षात ठेवा.

१. पासवर्ड कुठे ठेवू? यासाठी कीपासएक्ससी. सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये कुलूपबंद राहतात. फाइल आपल्याच संगणकावर असते आणि इंटरनेट लागत नाही. आपण एकच मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा. पण तो विसरलात तर जगात कोणीही फाइल उघडून देणार नाही. म्हणून तो कागदावर लिहून, पाकीट बंद करून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. भिंतीवर चिकटवलेल्या आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेल्या पासवर्डपेक्षा हे हजारपट बरं. अँड्रॉइड फोनसाठी कीपासडीएक्स आहे, तीच फाइल त्यातही उघडते.

२. पेनड्राइव्ह हरवला तर? यासाठी व्हेराक्रिप्ट. ते पेनड्राइव्हमध्ये एक कुलूपबंद तिजोरी तयार करतं. पेनड्राइव्ह रस्त्यात पडला तरी सापडणाऱ्याला आतली माहिती दिसत नाही. शाळेसाठी एकच साधन निवडायचं झालं तर मी हे निवडेन.

३. व्हायरस आहे का? यासाठी क्लॅमएव्ही. हे २००२ पासून चालू आहे आणि मेल सर्व्हरवर येणाऱ्या फायली तपासायला जगभर वापरलं जातं. मात्र विंडोजवर ते सतत पहारा देत नाही, सांगितलं की तपासतं. म्हणून विंडोज १० किंवा ११ मध्ये कंपनीने दिलेला डिफेंडर बंद करू नका. तो ओपन सोर्स नाही, पण चालू राहू द्या. चांगल्या कुलपाला जात विचारू नये.

४. बाहेरून कोण आत येऊ शकतं? यासाठी फायरवॉल, म्हणजे दारावरचा शिपाई. उबुंटू लिनक्समध्ये यूएफडब्ल्यू नावाची फायरवॉल येते, पण ती सुरुवातीला बंद असते. चालू आपणच करायची.

५. फसव्या जाहिरातींचं काय? फायरफॉक्स ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिन जोडा. 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, इथे दाबा' अशा बऱ्याच जाहिराती मुलांना दिसायच्याच बंद होतात.

६. आपल्या नेटवर्कवर कोण कोण आहे? यासाठी एनमॅप. गॉर्डन लायन यांनी १९९७ मध्ये ते कोडसकट प्रसिद्ध केलं. संगणकाला पोर्ट नावाची ६५ हजारांहून अधिक दारं असतात. एनमॅप त्या दारांवर टकटक करून कोणती उघडी आहेत ते सांगतं. शाळेच्या वायफायवर सहा उपकरणं असायला हवीत आणि अकरा दिसली, तर पासवर्ड गावभर झाला आहे असं समजा.

७. तारेतून नेमकं काय जातंय? यासाठी वायरशार्क. जेराल्ड कॉम्ब्स यांनी १९९८ मध्ये ते इथेरियल या नावाने आणलं, २००६ मध्ये नाव बदललं. नेटवर्कवरून माहितीची छोटी छोटी पाकिटं जातात, ती वायरशार्क उघडून दाखवतं. संकेतस्थळाच्या पत्त्यात नुसतं एचटीटीपी असेल तर भरलेला पासवर्ड पोस्टकार्डासारखा वाचता येतो. एचटीटीपीएस असेल तर तोच बंद पाकिटात जातो.

एक सूचना ठळक अक्षरांत समजा. एनमॅप आणि वायरशार्क फक्त आपल्या नेटवर्कवर, तेही मुख्याध्यापकांच्या परवानगीने वापरायचे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं. ही दोन साधनं प्राथमिकच्या मुलांच्या हाती देऊ नका, शिक्षकाने दाखवावीत.

उघडी वही, पण वाचतंय कोण?

आता पाठाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग. 'ओपन सोर्स आहे म्हणजे सुरक्षितच आहे' असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. आपल्याकडे सातबाराचं चावडी वाचन होतं. नोंदी सर्वांसमोर वाचल्या जातात म्हणजे चूक असेल तर कुणीतरी हरकत घेईल. पण चावडीवर कुणी आलंच नाही तर? नोंद वाचली जाते, चूक तशीच राहते. ओपन सोर्सचं अगदी तसंच आहे. दोन खऱ्या घटना बघू.

पहिली घटना २०१४ ची. ओपनएसएसएल हे साधन जगातल्या असंख्य संकेतस्थळांची एचटीटीपीएस सुरक्षा सांभाळतं. त्यात मार्च २०१२ च्या आवृत्तीपासून एक चूक होती. चूक कशी होती? समजा, कुणी कारकुनाला एक पान देऊन म्हणालं, 'ही ६४ पानं आहेत, प्रत काढून दे.' कारकुनाने पानं मोजली नाहीत. एका पानाची प्रत झाली आणि पुढची ६३ पानं टेबलावर पडलेल्या दुसऱ्यांच्या कागदांतली गेली. संगणकाच्या स्मरणातून एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत माहिती अशीच बाहेर जाऊ शकत होती. त्यात पासवर्डही असू शकत. या चुकीला हार्टब्लीड असं नाव पडलं. वही दोन वर्षं उघडी होती, पण त्या पानावर कुणाची नजर पडली नाही. अब्जावधी रुपयांचे व्यवहार ज्याच्या भरवशावर चालत होते त्या साधनाला वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर देणगी मिळत होती आणि सांभाळणारी माणसं मोजकी होती. घटनेनंतर मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन अशा साधनांसाठी निधी उभा केला.

दुसरी घटना मार्च २०२४ ची. लिनक्समध्ये फायली लहान करण्यासाठी एक्सझेड नावाचं छोटंसं साधन असतं. ते एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता, दमलाही होता. जिया टॅन या नावाने कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ नेमाने मदत केली, विश्वास मिळवला, वहीवर लिहायचा अधिकार मिळवला आणि शेवटी त्यात चोरदार बसवलं. त्या नावामागे कोण होतं ते आजही जाहीर झालेलं नाही. अंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. अर्धा सेकंद! दुसऱ्या कुणी 'नेट स्लो असेल' म्हणून सोडून दिलं असतं. त्यांनी कारण शोधलं, कोड वाचला आणि २९ मार्च २०२४ ला सर्वांना सावध केलं. चोरदार सर्वसाधारण वापराच्या मुख्य आवृत्त्यांमध्ये पोचण्याआधीच पकडलं गेलं.

या दोन घटना एकत्र ठेवून बघा. फ्रॉइंड यांना तपास करता आला, कारण वही उघडी होती. बंद वहीत त्यांना फक्त उशीर जाणवला असता, कारण दिसलं नसतं. पण हार्टब्लीड सांगतं की नुसती वही उघडी ठेवून भागत नाही, वाचणारा लागतो. उघडेपणामुळे तपासण्याची संधी मिळते, तपासणी आपोआप होत नाही.

मग आपण काय वाचायचं?

आपण कोड वाचू शकत नाही, हे कबूल. पण आपल्या वाट्याची तपासणी आपल्याला नक्की करता येते.

- साधन मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. २०२३ मध्ये शोधयंत्राच्या जाहिरातीतून कीपासचं हुबेहूब खोटं संकेतस्थळ लोकांसमोर आलं होतं. पत्त्यात फरक एवढाच, की पहिल्या अक्षराखाली स्वल्पविरामासारखं बारीक चिन्ह होतं. शोधात सर्वांत वर दिसतं ते खरंच असतं असं नाही.
- उतरवलेली फाइल ताडून बघा. संकेतस्थळावर फाइलसोबत ६४ अक्षर-अंकांची एक ओळ दिलेली असते, तिला एसएचए-२५६ म्हणतात. सेव्हन-झिप हे ओपन सोर्स साधन संगणकात असेल तर फाइलवर राइट क्लिक करून तीच ओळ काढता येते. दोन्ही ओळी तंतोतंत जुळल्या तर फाइल वाटेत बदललेली नाही.
- अपडेट टाळू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने सुमारे दीडशे देशांत संगणक बंद पाडले. त्यावरचं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिलेलं होतं.
- जुन्या संगणकाचा विचार करा. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबले. ज्या संगणकावर विंडोज ११ चालत नाही तो भंगारात देण्याआधी त्यावर लिनक्स टाकून बघता येतं. केरळमधल्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकवत आहेत.
- महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा आणि काम झाल्यावर ती संगणकापासून काढून ठेवा.

आर्थिक फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक पालकसभेत फळ्यावर लिहा.

वर्गात कसं शिकवाल?

इयत्ता चौथी-पाचवीसाठी दोन उपक्रम देतो. संगणक लागत नाही, फळा पुरे.

उपक्रम पहिला, अक्षर सरकवा : क पासून ळ पर्यंतची ३४ व्यंजनं ओळीने लिहा (क्ष आणि ज्ञ सोडा). किल्ली ३ असेल तर प्रत्येक अक्षर तीन घरं पुढे सरकवायचं. ओळ संपली की पुन्हा क पासून. 'कमळ' चं 'घलग' होतं. आता मुलांना पद्धत सांगा, किल्ली सांगू नका आणि एक नवा गुप्त शब्द द्या. वर्गाचे गट करून १ ते ३३ किल्ल्या वाटून दिल्या की एका तासिकेत शब्द फुटतो. मुलांना विचारा, पद्धत माहीत होती म्हणून फुटला की किल्ल्या कमी होत्या म्हणून? मग चार अंकी पिनचे १०,००० पर्याय असतात ते सांगा. लांब पासवर्ड का हवा हे मुलं आपणहून बोलतात.

उपक्रम दुसरा, चूक शोधा : एका गटाला फक्त गणिताचं उत्तर द्या, दुसऱ्याला सगळ्या पायऱ्यांसह द्या. पायऱ्यांत मुद्दाम हातच्याची एक चूक ठेवा. चूक नेमकी कुठे आहे ते कोणता गट सांगतो? दुसऱ्या दिवशी तसंच गणित फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि काहीच बोलू नका. दिवसभरात किती जणांनी पाहिलं ते संध्याकाळी विचारा. चावडी वाचनाची गोष्ट सांगायला याहून चांगली वेळ नाही.

स्वाध्याय (मोठ्यांसाठी)

१. वर सांगितलेली यादी खरोखर करा. कोणत्या फायलीत मुलांचे आधार क्रमांक आहेत?

२. त्यातल्या नको असलेल्या जुन्या फायली पुसा. जी माहिती ठेवलीच नाही ती चोरीला जात नाही.

३. उरलेल्या फायली व्हेराक्रिप्टच्या तिजोरीत ठेवा आणि मुख्य पासवर्डचं पाकीट बंद करा.

४. पालकांनो, शाळेत मुलांची माहिती कुठे आणि कशी ठेवली जाते, हे पुढच्या पालकसभेत विचारा. शिक्षक बंधू-भगिनींनो, या प्रश्नाचा राग मानू नका. वही उघडी आहे आणि कुणीतरी ती वाचायला आलं आहे, एवढाच त्याचा अर्थ.